रात्रीच्या बसपूर्वीं तंजावर

प्रवासांत पुष्कळदां असा एक दिवस हातीं लागतो, कीं ज्याची आपण आधीं कांहींच योजना केलेली नसते. सकाळीं एखाद्या शहरांत उतरावें, पुढची बस रात्रीं निघावयाची, आणि मधले बारा-चौदा तास मोकळे. अशा वेळीं बहुतेक मंडळी उतारघराच्या व्यवस्थापकाकडून प्रेक्षणीय स्थळांची यादी घेतात, रिक्षा ठरवितात आणि दिवस मावळेपर्यंत ती यादी संपवितात. दुसऱ्या दिवशीं कोणीं विचारलें, तर काय पाहिलें हें त्यांना धड सांगतां येत नाहीं.

माझें म्हणणें असें, कीं ज्या दिवसाचा शेवट बसच्या वेळापत्रकानें ठरविला आहे, त्या दिवशीं एकच प्रश्न मनाशीं धरून फिरावें. उदाहरणादाखल तंजावर घेऊं. बंगळूर व चेन्नईकडे जाणाऱ्या रात्रीच्या बसगाड्या तेथून सुटतात, आणि दक्षिणेच्या यात्रेस निघालेल्या आपल्याकडील कुटुंबांच्या वाट्यास तेथें असा मोकळा दिवस सहज येतो. मराठी माणसानें धरावयाचा प्रश्न अगदीं सोपा आहे : या गांवांत माझ्या भाषेंत काय लिहिलेलें आहे ?

आरंभ बृहदीश्वराच्या देवळापासून, आणि तोही उजाडतांच, करावा. यास व्यवहारी कारण आहे. आवारांत अनवाणी चालावें लागतें. ऊन चढलें म्हणजे फरशी पाय भाजते, आणि भर दुपारीं देऊळ बंद असतें. राजराज चोळानें १०१० सालीं पुरें केलेलें हें देऊळ. त्याचें विमान २०० फुटांहून उंच आहे. मान वर करून तें पाहून झालें, नंदीपुढें छायाचित्र घेतलें, कीं आपली मंडळी बाहेर पडतात. पण भिंती पाहिल्याखेरीज तेथून निघूं नये. चोळकालीन तमिळ लेखांत देवास मिळालेल्या दानांचा तपशील आहे, आणि देवळाच्या सेवेस नेमलेल्या ४०० नर्तकींचीं नांवेंही एकेक करून नोंदलेलीं आहेत. आपल्यास ती लिपि वाचतां येत नसली, तरी हजार वर्षांपूर्वींच्या या स्त्रियांचीं नांवें दगडांत टिकून आहेत, एवढें ठाऊक असणेंही पुरे.

मग आवाराच्या नैर्ऋत्य बाजूस जावें. तेथें भिंतीवर देवनागरी अक्षरें दिसतात. सरफोजीराजांनीं १८०३ सालीं कोरविलेला हा भोसले घराण्याचा मराठी इतिहास होय. शहाजीराजे, शिवाजीमहाराज, त्यांचे सावत्र बंधु व्यंकोजी आणि तेथून पुढें सरफोजींपर्यंतची हकीकत त्यांत आहे. एवढा विस्तृत शिलालेख क्वचितच आढळतो. सगळा वाचण्याचा हट्ट धरूं नये. कोणत्याही चार ओळी घ्याव्या, दगडास हात न लावतां अक्षर अक्षर लावावें, आणि बरोबर नातवंडें असतील तर त्यांच्याकडून मोठ्यानें वाचवून घ्यावें. शाळेच्या चाळीस मिनिटांच्या तासांत जें साधणें मला कठीण जाई, तें अशा भिंतीसमोर दहा मिनिटांत साधतें.

हा लेख वाचतांना अभिमान वाटेल, आणि तो वाटावाही. परंतु तो अर्धवट माहितीवर उभा असूं नये. व्यंकोजींनीं १६७६ च्या सुमारास तंजावर घेतलें, आणि १८५५ सालीं तें राज्य संपलें. त्या अवधींत या राजांनीं तमिळ, तेलुगु व संस्कृत विद्येसही आश्रय दिला. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे १६८४ ते १७१२ पर्यंत गादीवर होते; त्यांनीं तेलुगूंत व मराठींतही नाटकें रचलीं. सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं नाटकाचा प्रयोग केला तो १८४३ सालीं, म्हणजे याच्या शंभरांहून अधिक वर्षांनंतर.

देवळाहून राजवाडा फार दूर नाहीं. त्यांतच सरस्वतीमहाल ग्रंथालय आहे. नायक राजांच्या काळीं आरंभ झालेला हा संग्रह सरफोजींनीं फार वाढविला, आणि १९१८ सालीं तो सर्वांस खुला झाला. त्यांत सुमारें ३,००० मराठी हस्तलिखितें आहेत. शिवाय मोडी दप्तर निराळें. पाहुण्यास तीं हाताळतां येत नाहींत, पण निवडक वस्तु दालनांत मांडलेल्या असतात, त्या सावकाश पाहाव्या. सरफोजींनीं छापखानाही काढला होता, आणि तेथें १८०६ सालीं इसापच्या गोष्टी मराठींत छापल्या गेल्या. पुण्यास अजून पेशवाई चालू होती, तेव्हां इकडे कावेरीकांठीं मराठी मुलांसाठीं पुस्तक छापून निघालें, ही गोष्ट मला तरी कोणत्याही लढाईइतकीच सांगण्यासारखी वाटते.

येथवर दुपार होते. जेवून दोन तास आडवें व्हावें; रात्र बसमध्यें काढावयाची असते, आणि साठीच्या शरीरास तें जाणवतें. उन्हें कलल्यावर पुन्हां देवळांत येऊन हिरवळीवर निवांत बसावें. रात्रीं हलकें खावें, शाल हाताशीं ठेवावी, आणि अर्धा तास आधीं स्थानकावर पोंचून आपली गाडी कोणती हें वाहकास विचारून घ्यावें. गाडीवरील पाटी बहुधा तमिळ अक्षरांत असते.

शेवटीं एकच सांगणें आहे. तंजावरांत अद्यापि कांहीं घरांतून मराठी बोलली जाते. राज्य जाऊन दीडशें वर्षांहून अधिक काळ लोटला, शाळेंत मुलें तमिळ शिकलीं, तरी घरांतली बोली त्या कुटुंबांनीं सोडली नाहीं. आपल्या शहरांतील पुष्कळ मुलें मात्र मराठी बोलतात, पण वाचावयाची वेळ आली कीं अडखळतात. अशा मुलास त्या भिंतीसमोर उभें केलें, तर त्यास ती केवळ नक्षी दिसेल. म्हणून तिकिटें काढाल त्याच दिवसापासून घरीं रोज एक पान मोठ्यानें वाचवून घ्या.