औषधाआधी भाषा

(कोल्हापुरातील तरुण संघाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळीतली एक मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली होती. नीटला तिचे गुण थोडक्यात कमी पडले. परीक्षा पुन्हा द्यायचीच आहे. पण सोबत गोंडी शिकायची आणि गडचिरोलीकडच्या गावांत आरोग्यसेविकांबरोबर फिरायचं, असं तिच्या मनात आहे. आई म्हणाली, "ताई, गोंडी शिकून कुणी डॉक्टर होतंय व्हय?"

त्या माउलीची काळजी खरी आहे. नीटला गोंडीचे गुण नसतात, अभ्यासाचे तास मात्र जातात. तरी मी मुलीच्या बाजूनं बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका आरोग्य शिबिरात मी केसपेपर लिहीत होते. एक आई तान्हं बाळ घेऊन आली. "जुलाब होतायत का?" मी विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. तिच्या बोलीत जुलाबाला वेगळाच शब्द होता आणि तो आम्हा कुणालाच ठाऊक नव्हता. तापाचं औषध देऊन आम्ही तिला परत पाठवलं. रात्री बाळाला जीपमधून तालुक्याला न्यावं लागलं. देवाच्या कृपेनं ते वाचलं. पण कागदावर माझ्याच अक्षरात 'जुलाब नाही' असं लिहिलेलं होतं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग आधी डॉक्टर झाले, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले आणि 1986 साली त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' संस्था काढली. तिथं न्यूमोनियानं मुलं दगावत. मिनिटाला किती श्वास, यावरून तो ओळखता येतो. पण अनेक सुइणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. तेव्हा मण्यांचं साधन केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, जोडीला एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. मला तर ही भाषाच वाटते. दवाखान्याची भीती वाटते असं लोक म्हणाले, म्हणून दवाखाना त्यांच्या झोपड्यांसारखा बांधला आणि त्याला त्यांच्या दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. (ते नाव ऐकून माझ्यातली सेमिनरीची विद्यार्थिनी जरा अडखळली, हे कबूल करते.) पुढे 39 गावांत, गावातल्याच शिकवलेल्या बायांनी घरोघरी जाऊन नवजात बाळं सांभाळली. नवजात मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून अधिक घटलं. 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं.

आपल्याला तरी हे नवं कुठं आहे? मिरजेचे डॉ. वान्लेस 1889 साली भारतात आले, रुग्णालय उघडलं 1894 साली. त्या काळच्या मिशनऱ्यांना आधी मराठी शिकावी लागे.

त्या मुलीचं ठरलंय ते असं: मेमधल्या नीटपर्यंत दिवसभर अभ्यास, रात्री अर्धा तास गोंडी. परीक्षा झाली की निकालापर्यंत गडचिरोली. आई अजून पुरती राजी नाही. पोरीच्या राहण्याची सोय आणि जाण्यायेण्याचा खर्च कोण बघणार, असं तिनं परवा विचारलं. तोच प्रश्न मी आज मंडळीपुढे ठेवते.