आधी आकडा, मग शेपूट



‘तू नेमकं काय करतेस ते थोडक्यात सांग,’ असा आयोजकांचा हुकूम आहे. मी जीवाणूंच्या शेपटांवर काम करते. हसू नका! टायफॉइडच्या संशयाने तुमच्यातल्या कित्येकांनी विडाल टेस्ट केली असेल. रिपोर्टवर ‘ओ’ आणि ‘एच’ असतं. त्यातला ‘एच’ म्हणजे या शेपटाविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं. पुस्तकी भाषेत शेपटाला कशाभिका म्हणतात.

टायफॉइडचा जंतू साल्मोनेला कुळातला. या कुळात कशाभिका बांधायला पन्नासाहून अधिक जनुकं लागतात. पेशीच्या आवरणात रुतलेली मोटर, तिच्यावर सुमारे 55 नॅनोमीटर लांबीचा आकडा, आणि त्यापुढे लांब पोकळ तंतू. एकट्या तंतूत फ्लॅजेलिन या प्रथिनाचे वीसेक हजार रेणू असतात. एवढा माल आधीच करून ठेवला आणि मोटरच अर्धवट राहिली, तर सगळं वाया. म्हणून तंतूची जनुकं शेवटी चालू होतात.

पण आकडा पुरा झाला, हे पेशीला कळतं कसं? तिथे कुणी मुकादम नाही. मला या विषयातलं सगळ्यात आवडतं ते हेच. तंतूची जनुकं चालू करणाऱ्या ‘फ्लि-ए’ या प्रथिनाला ‘फ्लग-एम’ नावाचं दुसरं प्रथिन घट्ट धरून बसलेलं असतं. आकडा पूर्ण झाला, की बांधकामाच्याच पोकळ नळीतून फ्लग-एम पेशीबाहेर टाकलं जातं. फ्लि-ए मोकळं होतं आणि फ्लॅजेलिन बनू लागतं. म्हणजे नळी बाहेरपर्यंत नीट झाली, याची खूण नळीच देते! केली ह्यूजेस आणि सहकाऱ्यांनी हे 1993 मध्ये दाखवलं. पुढे फ्लॅजेलिनही त्याच नळीतून जाऊन टोकाला जोडलं जातं. तंतू आपल्या केसासारखा मुळाकडून वाढत नाही.

आता पुन्हा विडाल. ‘एच’ची प्रतिपिंडं जुन्या संसर्गानंतर किंवा लस घेतल्यावरही रक्तात राहू शकतात. त्यामुळे एकाच विडाल रिपोर्टवर अँटिबायोटिक सुरू करणं मला पटत नाही. टायफॉइडचा जंतू आधीच बऱ्याच औषधांना दाद देईनासा झालाय. पहिल्या गोळीआधी रक्ताचं कल्चर करता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

चहानंतर प्रयोगशाळेत या. गवत भिजवलेल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलाय. कशाभिका दिसणार नाही, इतकी ती बारीक. पण जीवाणू सुळकन पळताना, मध्येच कोलांटी घेऊन दिशा बदलताना दिसतील. फक्त उजेड जरा कमी ठेवा, बाईंनी शिकवला होता तसा.