मसुदा उघडा, सूचना कुलूपबंद



एच-४ व्हिसा म्हणजे काय हे या सभागृहात समजावून सांगायला नको. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आणि त्याच्याइतकीच शिकलेली बायको घरी, हे आपल्या ओळखीतले चित्र. मे २०१४ मध्ये अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याने, ग्रीन कार्डच्या रांगेत ठरावीक टप्पा गाठलेल्यांच्या जोडीदारांना कामाचा परवाना देणारा मसुदा प्रसिद्ध केला. त्यावर सुमारे १३ हजार सूचना आल्या. पाठवणारा अमेरिकन नागरिक असण्याची अट नव्हती. फेब्रुवारी २०१५ मध्ये अंतिम नियम निघाला तेव्हा त्याबरोबर पानेच्या पाने खुलासा होता: लोक काय म्हणाले, आम्ही काय मानले, काय मानले नाही आणि का. विरोधकांचे म्हणणेही त्यात होते.

ही कोणाची मेहेरबानी नव्हती. १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्याने ते बंधनकारक आहे. महत्त्वाच्या हरकतीला खात्याने उत्तरच दिले नाही, तर त्या कारणावरून कोर्ट नियम रद्द करू शकते. (अर्थात एप्रिल २०२५ मध्ये व्हाइट हाउसने, बेकायदा वाटणारे नियम शक्य तिथे सूचना न मागवता रद्द करा, असा आदेश खात्यांना दिला. तेव्हा इथेही फार निर्धास्त राहू नये.)

आता आपल्या देशाकडे बघू. आपल्या आईवडिलांचे बँक खाते, आधार, दवाखान्याचे कागद या सगळ्याला लागू होणारा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकाचा मसुदा १८ नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसमोर आला. सूचना मागवल्या. पण सोबत हेही सांगितले की आलेल्या सूचना विश्वासाने जपून ठेवल्या जातील, जाहीर होणार नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये कायदा झाला. जानेवारी २०२५ मध्ये नियमांचा मसुदा आला, तेव्हाही तीच अट. मोठ्या कंपन्यांनी काय मागितले, कोणते कलम कोणाच्या सांगण्यावरून बदलले, हे आपल्याला ताडून पाहता येत नाही. गंमत बघा, याच कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्यातल्या वैयक्तिक माहितीच्या तरतुदीतल्या अटी गाळून ती माहिती सरसकट अपवादात टाकली.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिले. शेतकऱ्याच्या करातून शाळा चालतात आणि फायदा वरच्या जातींना मिळतो, असे त्यात स्पष्ट लिहिले. आज ते निवेदन आपण वाचतो, कारण परक्या सरकारने ते आयोगाच्या कागदपत्रांत छापले. आज एखाद्याने असेच काही लिहून दिल्लीला पाठवले असेल, तर ते कुठल्यातरी सर्व्हरवर पडून आहे.

कोणी म्हणेल, सूचना उघड्या केल्या की खोट्यांचा पूर येतो. खरे आहे. २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवर इथल्या दूरसंचार आयोगाकडे २ कोटी २० लाखांहून अधिक सूचना आल्या. न्यूयॉर्कच्या अॅटर्नी जनरलच्या मे २०२१ च्या अहवालानुसार त्यांतल्या जवळपास १ कोटी ८० लाख बनावट होत्या. सुमारे ८५ लाखांमागे ब्रॉडबँड कंपन्यांचा पैसा होता, तर उलट बाजूने एका १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रोग्रॅम लिहून एकट्याने ७७ लाख धाडल्या. पण संशय आला कसा? सूचना सगळ्यांना दिसत होत्या म्हणून. लोकांना तिथे आपलीच नावे सापडली. कुलूपबंद पेटीत असेच झाले असते तर कळलेही नसते.

उघडे करणे म्हणजे बेफिकिरीही नव्हे. २०१५ मध्ये भारताच्या ट्रायकडे याच विषयावर दहा लाखांच्या आसपास ईमेल आले, आणि ट्रायने ते पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट संकेतस्थळावर टाकले! मजकूर दाखवा, पत्ता झाका. आपल्यापैकी कोणीही हे काम एका संध्याकाळी करून देईल. बाकी त्या सूचनांचा उपयोग झाला: फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने भेदभावाच्या डेटा-दरांवर बंदी घातली. त्याआधी सप्टेंबर २०१५ मध्ये, लोकांनी आपल्या सांकेतिक संदेशांची साधी प्रत ९० दिवस ठेवावी असे सुचवणारा एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा गदारोळ होताच सरकारने मागे घेतला होता.

भाषेचा प्रश्न उरतोच. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या मसुद्याचे आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत भाषांतर करा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला जून २०२० मध्ये द्यावा लागला. मिरजेच्या किंवा जालन्याच्या माणसाने इंग्रजी मसुद्यावर मत कसे द्यायचे?

मी सुचवतो ते काम छोटे आहे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४(१)(ग) सांगते की महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित सर्व तथ्ये सरकारने आपणहून प्रसिद्ध करावीत. त्याचा आधार घेऊन, डेटा नियमांवर आलेल्या सूचना नाव-पत्ता झाकून द्या, असा अर्ज करू. 'विश्वासाने ठेवलेली माहिती' म्हणून नकार येईल, हे धरून चला. त्याच कायद्यात जनहिताचा अपवाद आहे, तो पहिल्या अपिलात मांडायचा. अर्ज फक्त भारतीय नागरिकाला करता येतो, ओसीआय कार्डावर चालत नाही. ज्यांचा पासपोर्ट अजून निळा-भारतीय आहे त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नाव द्यावे. फी दहा रुपये, अर्ज ऑनलाइन. ओसीआयवाल्यांनी मसुद्यांच्या मराठी सारांशाचे काम घ्यावे. पहिली २२ पाने मी वाटून ठेवली आहेत.