वडिलांचा चाकू उघडतांना

स्वित्झर्लंडमधील इबाख गांवच्या कार्ल एल्झेनर यांनीं १८९७ सालीं लष्करी अधिकाऱ्यांसाठीं बनविलेल्या चाकूची नोंदणी केली. एकाच स्प्रिंगच्या दोन्ही अंगांस त्यांनीं हत्यारें बसविलीं. त्यामुळेंच पाठीवर बूच काढण्याच्या मळसूत्राला जागा झाली. माझ्या वडिलांच्या चाकूंत नेमकें तेंच आयुष्यभर निरुपयोगी राहिलें. आमच्या घरीं बाटलीचें बूच कोण काढणार! त्या जागीं जुन्या बाजारांत मिळालेल्या, त्याच कारखान्याच्या मोडक्या चाकूंतला पेचकस बसवावा, असें मनांत आलें.

लाल पट्ट्या केवळ दाबून बसविलेल्या असतात. उचकटल्या कीं निघतात. खरी कसोटी पुढें. पितळी रिव्हेटांचीं चेपलेलीं टोकें कानशीनें घासल्यावांचून आंतले थर सुटत नाहींत, आणि घासलेला रिव्हेट पुन्हां कामास येत नाहीं. वडिलांची वस्तु! कानस हातांत घेऊन मी दोन रविवार नुसता बसून होतों.

अखेर घासलें. दोन्ही चाकू ९१ मिलिमीटरांचे, म्हणून पेचकस बिनतक्रार बसला. नवा रिव्हेट ठोकतांना मात्र हात हलका हवा. एक घाव अधिक पडला कीं पातें नखानें उघडत नाहीं. कमी पडला कीं तें डुलतें. माझें अजून किंचित् डुलतें. पुढच्या रविवारीं आणखी एक घाव घालीन म्हणतों.