पैसे गेले, पोच नाही

गेल्या पावसाळ्यात आंबा घाटाखालच्या एका गावी औषधाच्या दुकानात उभा होतो. माझ्यापुढे एक आजी आणि त्यांचा नातू. बिल ६४० रुपयांचे. नातवाने मोबाईलवरून पैसे पाठवले. पडद्यावरचे चक्र फिरतच राहिले आणि दुकानदाराची बोलकी पेटी गप्प. तेवढ्यात बँकेचा मेसेज आला, ६४० रुपये वजा! नातू घाईघाईने पुन्हा कोड स्कॅन करू लागला, तसा दुकानदार म्हणाला, "थांब रे बाळा, परत नको करूस." त्याचे हे सांगणे किती शास्त्रशुद्ध होते, ते आज पाहू.

पैसे हवेतून जातात असे आपल्याला वाटते. हवेतून जातो तो फक्त हुकूम. पुढे २०१६ साली सुरू झालेली यूपीआयची यंत्रणा एका बँकेला रक्कम वजा करायला व दुसरीला जमा करायला सांगते. मग उत्तर उलट वाटेने परत येते. मधेच रेंज गेली तर? हुकूम पोचलाच नाही, की काम झाले आणि नुसते उत्तर हरवले? मोबाईलला दोन्ही सारखेच. चक्र फिरते आहे!

पूर्वी गावी मनीऑर्डर केली की आईच्या सहीची किंवा अंगठ्याची पोचपावती परत यायची. ती हातात पडेपर्यंत मुंबईतल्या मुलाचा जीव टांगणीला. पण पावतीच टपालात गहाळ झाली तर? पावती पोचल्याची आणखी एक पावती मागवायची का? अमेरिकन संगणकतज्ज्ञ जिम ग्रे यांनी १९७८ साली हाच पेच 'दोन सेनापतींचे कोडे' म्हणून मांडला. दोन टेकड्यांवर दोन मित्र सेनापती, मधल्या दरीत शत्रू. निरोप्या वाटेत पकडला जाऊ शकत असेल, तर कितीही निरोप धाडा, एकाच वेळी हल्ला करण्याबद्दल दोघांचीही पुरती खात्री कधीच होत नाही. हे गणिताने सिद्ध झाले आहे. टॉवर वाढवून पेचप्रसंग कमी होतील, पण कोडे सुटणार नाही.

मग यंत्रणा चालते कशी? निरोप पोचेलच, हा हट्ट सोडून. प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक मिळतो. त्याच क्रमांकाचा हुकूम पुन्हा आला, तर नीट बांधलेली यंत्रणा दुसऱ्यांदा पैसे कापत नाही, पहिल्या वेळचेच उत्तर देते. म्हणून ॲपने पुन:पुन्हा चौकशी केली तरी बिघडत नाही. आपण मात्र नव्याने कोड स्कॅन केला की क्रमांक नवा, म्हणजे बँकेच्या लेखी खरेदीही नवी. दोनदा पैसे जातात ते बहुतेक वेळा असे, आणि दोष मात्र आपण रेंजला देतो.

पैसे कापले गेले पण समोर जमा झाले नाहीत, तर काय? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये याला मुदत घालून दिली. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेली पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. हे फारच थोड्यांना ठाऊक असते, म्हणून मुद्दाम सांगतो.

त्या दुकानदाराने वहीत आजींचे नाव आणि मेसेजमधला बारा आकडी क्रमांक लिहून घेतला व औषध दिले. आजी संकोचल्या. "उद्या बघू आजी, आधी गोळ्या द्या त्यांना," एवढेच तो म्हणाला.

पुढे दिवाळीत त्या वाटेने जाताना मी चौकशी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे आजींच्याच खात्यात परत आले होते. नातवाने मेसेज वाचून दाखवल्यावर त्या भर पावसात चालत येऊन ६४० रुपये रोख देऊन गेल्या. दुकानदाराने वही काढून दाखवली. त्या क्रमांकावर रेघ मारलेली होती.