‘सोबत कोण आहे?’

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवात मुख्याध्यापिकेने निकालाविषयी, इमारत निधीविषयी आणि मराठी माध्यमाच्या भवितव्याविषयी बोलावे अशी अपेक्षा असते. या तिन्ही विषयांवर स्मरणिकेत जाणकार लिहिणार आहेतच. मी आज एका वेगळ्या प्रश्नाविषयी बोलणार आहे. बारावीनंतर एखाद्या मुलीला दिल्ली, मुंबई किंवा बंगळूरला प्रवेश मिळाला की तिचे आईवडील दाखला न्यायला माझ्या कार्यालयात येतात. दाखल्यावर सही होते, पेढा हातावर ठेवला जातो आणि मग आई हळूच विचारते, ‘बाई, एकटीला कसे पाठवायचे?’ मुलाच्या पालकांनी हा प्रश्न मला आजवर एकदाही विचारलेला नाही. ते वसतिगृहाचे शुल्क आणि जेवणाची सोय विचारतात.

‘सोबत’ हा आपल्या भाषेतला मायेचा शब्द आहे. परंतु मुलीच्या बाबतीत तो प्रश्न होऊन येतो. सोबत कोण आहे? या प्रश्नाचे उत्तर नसेल तर प्रवास रद्द होतो आणि कधी कधी प्रवेशही. अर्थशास्त्रज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या महाविद्यालय-निवडीचा अभ्यास केला आहे. जाण्यायेण्याची वाट अधिक सुरक्षित वाटावी म्हणून मुली गुणवत्तेने पुष्कळ खालचे महाविद्यालय पत्करतात, मुलगे इतकी किंमत मोजत नाहीत, असे त्यात दिसून आले. मी हे वाचले तेव्हा मला दिल्लीच्या मुली दिसल्या नाहीत, आपल्याच शाळेच्या गुणवत्ताफलकावरची काही नावे दिसली. ती नावे मी येथे घेणार नाही. त्यांच्यापैकी काहीजणी आज या सभागृहात आपल्या मुलींना घेऊन बसल्या आहेत.

हा प्रश्न जुना आहे. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील सेरामपूर येथे आनंदीबाई जोशी यांनी इंग्रजीत भाषण केले. त्यांच्या वयाला अठरा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. अमेरिकेला वैद्यकीच्या शिक्षणासाठी निघताना लोक जे प्रश्न विचारत होते ते त्यांनी स्वतःच एकेक करून सभेपुढे मांडले आणि त्यांची उत्तरे दिली. ‘एकटी का जातेस?’ आणि ‘संकट ओढवले तर काय करशील?’ हे त्यांतले दोन प्रश्न. या गोष्टीला एकशे चाळीस वर्षे उलटून गेली. महाराज सयाजीरावांनी १९०६ साली बडोदे संस्थानात मुलींसह सर्वांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यालाही शतक लोटले. मुली शिकल्या. प्रश्न मात्र जागच्या जागी आहे.

आता आपल्याच गावाकडे पाहा. नवरात्रात याच बडोद्यात आपल्या मुली गरब्याहून मध्यरात्रीनंतर घरी येतात. दागिने घालून, दुचाकीवरून, दोघी-तिघी मिळून. त्या नऊ रात्री एरवी संध्याकाळी सातला फोन करणारे वडीलही निश्चिंत असतात. मुली त्याच, रस्ते तेच. फरक एवढाच की त्या रात्री रस्त्यावर दिवे असतात, माणसे असतात, त्यांत इतर स्त्रिया असतात, दुकाने उघडी असतात, पोलीस उभे असतात. म्हणजे सुरक्षितता कशाने निर्माण होते हे आपल्याला उत्तम ठाऊक आहे. अनोळखी शहरात गेल्यावर हीच लक्षणे ओळखता आली पाहिजेत, आणि ते शिकता येते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीला अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्षस्थानी डॉ. तारा भवाळकर होत्या. संमेलनाच्या इतिहासातील त्या सहाव्या स्त्री अध्यक्ष. मराठीची शिक्षिका म्हणून मला जायचे होते, आणि संमेलन आटोपल्यावर तीन दिवस शहरही पाहायचे होते. सोबत कोणी नव्हते. पन्नाशी ओलांडलेल्या मुख्याध्यापिकेलाही घरातून तोच प्रश्न विचारला गेला, हे येथे नमूद करून ठेवते.

तयारी घरी बसूनच झाली. गाडी निवडताना मी तिची वेळ पाहिली. मुंबईहून निझामुद्दीनला जाणारी ऑगस्ट क्रांती राजधानी रात्री बडोद्याला येते आणि दुसऱ्या दिवशी चांगले ऊन पडल्यावर दिल्लीला पोचते. अनोळखी शहरात पहिले पाऊल उजेडात पडावे, यासाठी तिकिटाचे चार पैसे जास्त गेले तरी चालतील. मुक्कामासाठी करोलबाग निवडले. लॉजच्या मालकांना मी फोनवर तीनच प्रश्न विचारले : मेट्रोचे स्थानक पायी किती मिनिटांवर आहे, रात्री नऊ वाजता त्या रस्त्यावर कोणती दुकाने उघडी असतात, आणि खोलीला आतून कडी आहे का. एका ठिकाणी उलट मलाच प्रश्न आला, ‘मॅडम, साथ में कौन है?’ कोणी नाही म्हटल्यावर खोली शिल्लक नसल्याचे सांगण्यात आले. दुसऱ्या ठिकाणच्या गृहस्थांनी तिन्ही प्रश्नांची नीट उत्तरे दिली, कोपऱ्यावरचे औषधांचे दुकान उशिरापर्यंत उघडे असते हेही सांगितले. तेथे मी राहिले. बिनसोबतीच्या स्त्रीला नाकारणाऱ्या ठिकाणी सोबत असतानाही उतरू नये, असे माझे मत झाले आहे.

मार्ग वहीत लिहून घेतला होता, कारण फोनची बॅटरी नेमकी नको तेव्हा संपते. निझामुद्दीनहून पिंक लाइनने यमुनेपलीकडे एकच स्थानक, मयूर विहार. तेथून ब्लू लाइनने थेट करोलबाग. दिल्ली मेट्रोत २०१० पासून गाडीच्या दिशेने पहिला डबा स्त्रियांसाठी राखीव आहे. फलाटावर गुलाबी खुणा असतात. लक्षात ठेवायचे ते इतकेच की गाडी परत फिरली की शेवटचा डबा पहिला होतो, म्हणून फलाटावर आल्यावर आधी दिशा पाहायची. तपासणीची रांगही स्त्रियांसाठी वेगळी असते. त्या डब्यात मला अभ्यास करणाऱ्या मुली दिसल्या, लिपस्टिक लावणाऱ्या दिसल्या, खांबाला टेकून झोपलेल्या परिचारिका दिसल्या. कोणाच्याही सोबत कोणी नव्हते.

जुनी दिल्ली मी सकाळी पाहिली. चांदणी चौक ही बाजारपेठ १६५० च्या सुमारास शहाजहानची कन्या जहाँआरा हिने वसवली, आणि हुमायूनची कबर उभारण्यात पुढाकार घेतला तो त्याच्या विधवा पत्नीने, बेगा बेगमने. पाठ्यपुस्तकात या इमारती बादशहांच्या नावावर असतात, म्हणून मुद्दाम सांगते. चांदणी चौकाच्या मुख्य रस्त्यावर आता सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना मज्जाव आहे, त्यामुळे निवांत चालता येते. खारी बावलीच्या मसाल्यांच्या बाजारात शिंकून शिंकून डोळ्यांना पाणी आले. तेथून परतताना शीशगंज गुरुद्वाऱ्यात डोके झाकून तासभर बसले, लंगरात जेवले. उत्तरेतल्या कोणत्याही शहरात एकट्या स्त्रीला बसायला, पाणी प्यायला, स्वच्छतागृहासाठी गुरुद्वाऱ्याइतकी निर्धास्त जागा मला दिसली नाही. स्वच्छतागृहाचा उल्लेख व्यासपीठावरून करणे काहींना रुचणार नाही. पण आपल्या कितीतरी मुली प्रवासात दिवसभर पाणी पीत नाहीत ते याच कारणाने, म्हणून तोही नकाशाचाच भाग समजावा.

सारेच सुरळीत झाले असे नाही. कनॉट प्लेसच्या गोल वरांड्यात एक तरुण मागे लागला. आधी रस्ता सांगू लागला, मग ‘सरकारी’ पर्यटन कार्यालय दाखवतो म्हणाला, मग नुसताच मागून चालू लागला. मी थांबले नाही, उत्तर दिले नाही, आणि सरळ समोरच्या औषधांच्या दुकानात शिरून दुकानदाराला मोठ्याने सांगितले, ‘भाईसाहब, ये आदमी मेरे पीछे आ रहा है।’ दुकानदार काउंटरबाहेर आला, दोन गिऱ्हाइके वळून पाहू लागली आणि तो निघून गेला. आपल्या मुलींना आपण हळू बोलायला शिकवतो. प्रसंगी मोठ्याने बोलणे ही गोष्टही घरातच शिकवावी लागेल. पहिल्यांदा आवाज फुटत नाही.

एका सकाळी लोदी उद्यानात बाकावर बसले होते. हातात पुस्तक नव्हते, फोन नव्हता, कोणाची वाट पाहत नव्हते. येणारेजाणारे पाहत होते, ‘या बाई कशासाठी बसल्या आहेत?’ शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतील स्त्रियांचा अभ्यास करून २०११ साली एक पुस्तक लिहिले. रस्त्यावरच्या स्त्रीला सतत काहीतरी कामाला निघाल्यासारखे दिसावे लागते, विनाकारण रेंगाळण्याचा हक्क तिला नाही, हे त्यांनी दाखवून दिले. पुरुष पानाच्या दुकानापाशी तासभर उभा राहतो, त्याला कोणी कारण विचारत नाही. मी त्या बाकावर आणखी अर्धा तास बसले. थंडीतले ऊन फार छान होते.

रात्रीच्या बाबतीत मात्र मी सावध राहिले. संमेलनातले कार्यक्रम लांबले त्या दिवशी पायी किंवा बसने न जाता गाडी बोलावली, पाटीवरचा क्रमांक फोनमधल्या क्रमांकाशी ताडून पाहिला आणि बसल्याबरोबर तो क्रमांक बहिणीला फोनवर चालकाला ऐकू जाईल असा वाचून दाखवला. काटकसरीला दिवसा पुष्कळ जागा असते.

मुलींनो, काही गोष्टी पाठ असाव्यात. ११२ हा देशभराचा आपत्कालीन क्रमांक आहे; बहुतेक स्मार्टफोनवर चालू-बंदचे बटण तीनदा झटपट दाबले की तो लागतो. आपल्या फोनवर ते चालते का, हे घरी नीट समजून घ्यावे. रेल्वेत १३९. स्त्रियांसाठी १८१, गुजरातेत हीच ‘अभयम्’ सेवा २०१५ पासून राज्यभर आहे. गुन्हा कोठेही घडला तरी तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात तशी स्पष्ट तरतूद आहे. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरायचे नाही. रेल्वे अधिनियमाच्या १३९ व्या कलमाप्रमाणे, सोबत पुरुष प्रवासी नसलेल्या स्त्रीला गाडीतून उतरवायचेच झाले तर ते दिवसाच, आणि प्रवास जेथून सुरू केला ते स्थानक, जंक्शन, शेवटचे स्थानक किंवा जिल्ह्याचे ठिकाण येथेच उतरवता येते. आडगावच्या फलाटावर रात्री उतरवण्याची धमकी कोणी दिली तर हे कलम शांतपणे सांगावे.

आता पालकांशी थोडे स्पष्ट बोलते. इतकी वर्षे मुलींशी बोलताना मला एक गोष्ट दिसत आली आहे. बसमध्ये, शिकवणीच्या वाटेवर काही त्रास झाला तर मुली घरी सांगत नाहीत. का, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : ‘सांगितले तर जाणे बंद होईल.’ त्रास देणाऱ्याला शिक्षा होत नाही, सांगणारीला होते. अशी मुलगी उद्या हजार किलोमीटरवर गेल्यावर तुम्हाला फोन करील का? ती गप्प राहील, आणि परक्या शहरात सर्वांत मोठा धोका त्या गप्प राहण्यातच आहे. म्हणून तिला आजच शब्द द्या की काहीही घडले तरी पहिला प्रश्न ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हा नसेल, आणि परतीचे तिकीट तिला विचारल्याशिवाय काढले जाणार नाही. दर तासाला फोन करू नका. दिवसातल्या दोन वेळा ठरवा, आणि ती वेळ चुकली तर कोणी काय करायचे हेही ठरवा. मुलग्यांच्या पालकांनीही हे ऐकावे. अनोळखी शहरात आपल्या मुलीमागून चालणारा तरुण कोणत्यातरी शाळेतूनच बाहेर पडलेला असतो, आणि आपल्या शाळेत मुलगेही शिकतात.

सराव मात्र आपल्या गावातच व्हावा. आठवीच्या मुलीला दांडिया बाजारातून स्टेशनपर्यंत एकटीने जाऊ द्या, खिडकीवर रांगेत उभे राहून तिकीट काढू द्या, चुकीच्या बसमध्ये बसली तर उतरून परत येऊ द्या.

शाळेने यंदा आपल्या परीने एक उपक्रम योजला आहे. दिवाळीच्या सुटीनंतर एका शनिवारी नववीच्या मुली सकाळच्या गाडीने अहमदाबादला जातील. कालुपूर स्थानकावर उतरल्यावर चार-चार जणींचे गट होतील आणि तेथून साबरमती आश्रमापर्यंतची वाट प्रत्येक गटाने स्वतः शोधायची आहे; मेट्रो, बस, रिक्षा, जे ठरेल ते. शिक्षिका बरोबर चालणार नाहीत, त्या आश्रमात थांबतील. मीही तेथेच असेन. प्रत्येक गटाकडे एक फोन, एक हाताने काढलेला नकाशा आणि परतीचे तिकीट असेल. बत्तीस मुलींपैकी आजवर अकरा जणींच्या घरून होकार आला आहे. उरलेली संमतिपत्रे वर्गशिक्षिकांनी दाराजवळच्या टेबलावर नावानिशी लावून ठेवली आहेत.