अंबरनाथचे दर्शन



शिवाच्या देवळात गेल्यावर आपण काय करतो याचा हिशेब मांडला, तर तो मोठा थोडका भरतो. चपला काढतो, घंटा वाजवतो, नंदीला हात लावतो, पिंडीवर बेलाचे पान वाहतो आणि बाहेर येऊन चपला शोधू लागतो. भाविकपणाला मी नावे ठेवीत नाही. देऊळ बांधणाऱ्याने आखून ठेवलेल्या वाटेपैकी फार थोडी वाट आपण चालतो, एवढेच माझे म्हणणे. आणि ते पटवून देण्यासाठी आज मी आपणांस अंबरनाथला नेणार आहे.

अंबरनाथ स्टेशनच्या पूर्वेस, वालधुनी नदीच्या काठी हे काळ्या दगडाचे देऊळ उभे आहे. शिलाहार राजा छित्तराज याने ते आरंभिले आणि त्याचा भाऊ मुम्मुणी याच्या कारकीर्दीत ते पुरे झाले, असे मानतात. त्याच्या उत्तरेच्या दारावर एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजींनी त्यातला शक ७८२ असा वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०, असे दाखविले. एका आकड्याच्या वाचनाने देऊळ दोनशे वर्षांनी धाकटे झाले! १८६८ साली मुंबई सरकारने येथे मंडळी पाठवून आराखडे काढविले, कोरीव कामाचे ठसे घेतले. देवळाला जायचे ते केवळ देव पाहायला नव्हे, देऊळही पाहायला, हे त्या मंडळींना कळले होते.

आता आत चला. सभामंडपात मधोमध चार कोरीव खांब आहेत आणि त्यांच्या वर वर्तुळात वर्तुळ असे छत. नवखा माणूस तेथेच मान वर करून उभा राहतो. परंतु वाट वर जात नाही, खाली जाते. गाभारा मंडपाच्या पातळीवर नाही. पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात शिरावे लागते. एरवी देव उंचावर असतो नि भक्त चढून जातो. येथे देवापाशी जायला उतरावे लागते. पायरीगणिक उजेड कमी होतो आणि दगडाचा गारवा पायांना कळू लागतो. तळाशी पोचून वर पाहावे, तर शिखराचा माथा नसल्यामुळे आभाळ दिसते. या मांडणीला उपदेशकाची गरज नाही. महाशिवरात्रीच्या जत्रेच्या रेट्यात मात्र त्या पायऱ्या कधी सरल्या तेही समजत नाही. ज्याला जमेल त्याने एखाद्या साध्या दिवशी सकाळी जावे.

बाहेर आल्यावर प्रदक्षिणा. शिवाची प्रदक्षिणा पूर्ण घालीत नाहीत. अभिषेकाचे पाणी जेथून बाहेर पडते ते सोमसूत्र ओलांडायचे नाही. तेथवर जायचे, परतायचे आणि दुसऱ्या अंगाने पुन्हा तेथवर यायचे. शास्त्रार्थ शास्त्री सांगतील. मला यातली गंमत वेगळीच वाटते. गेलेल्या वाटेनेच परत यावे लागत असल्यामुळे प्रत्येक भिंत दोनदा दिसते, आणि तीही दोन दिशांनी. जाताना सावलीत हरवलेली मूर्ती येताना उजेडात सापडते. अंबरनाथची भिंत सरळ नाही, ती कोन काढीत वळते. शिखराच्या अंगावर लहान लहान शिखरांच्या रांगा चढत जातात. ही भूमिज शैली. अशी भिंत एका फेरीत वाचून होत नाही.

आणि आता नदी. गाभाऱ्यात आपण तांब्याभर पाणी वाहतो, ते शुद्ध असावे म्हणून जपतो. दोन पावलांवर वालधुनी वाहते, तिच्यात कारखान्यांची रसायने आणि वस्त्यांचे सांडपाणी मिसळत आले आहे. देऊळ संरक्षित वास्तू आहे, त्यावर पुरातत्त्व खात्याचा फलक आहे. परंतु ज्या नदीसाठी ही जागा निवडली असेल, तिला मात्र तसे संरक्षण लाभले नाही. पिंडीवरचे पाणी सोमसूत्रातून बाहेर पडते तेव्हा आपण ते ओलांडीत नाही, इतका त्याचा मान राखतो. नदी आपण रोज ओलांडतो, नाकाला रुमाल लावून.

तेव्हा अंबरनाथला जाल तेव्हा गाभाऱ्यातून वर आल्यावर लगेच स्टेशन गाठू नका. भिंत दोन्ही अंगांनी पाहा, उत्तरेच्या दारावरचा तो लेख शोधा, आणि मग पाच मिनिटे नदीकाठी उभे राहा.